ग्रुपची मेल स्पॅम ठरून अडते तेव्हा: कारण शोधण्याची आणि दुरुस्तीची सविस्तर पद्धत

ग्रुपच्या मेल अडू लागल्याची पहिली खबर नेहमी मोघम असते. ‘हल्ली ग्रुपवरून काही येत नाही’ असे एखादा सभासद सांगतो, दुसरा म्हणतो की सगळे नीट येते आहे, आणि तिसऱ्याला आपले नाव यादीतून आपोआप गळल्याचे काही आठवड्यांनी कळते. अशा वेळी ग्रुप सांभाळणारा माणूस बहुधा मजकुराकडे वळतो. विषयाची ओळ बदलतो, उद्गारचिन्हे काढतो, जोडलेल्या फायली कमी करतो. मीही एका ग्रुपसाठी दोन आठवडे हेच करत होतो आणि अडचण मात्र दुसरीकडेच निघाली. एका सभासदाच्या कार्यालयाने आपल्या डोमेनचे (मेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाचे) धोरण कडक केले होते आणि त्या एकट्याने लिहिलेली प्रत्येक मेल निम्म्या यादीकडून परत येत होती. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की मेलिंग लिस्टच्या, म्हणजे अशा ग्रुपच्या, मेलवर स्पॅमचा शिक्का मजकुरामुळे क्वचित बसतो; बहुतेक वेळा तो पाठवणाऱ्याची ओळख न पटल्यामुळे बसतो. म्हणून पुढील पद्धत ओळखीपासून सुरू होते आणि मजकुरापाशी अगदी शेवटी पोहोचते.

डीएनएसमधील (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतील) नोंदी आणि हेडरमधील (मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक ओळींमधील) खुणा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत असतात. वाचण्याच्या सोयीसाठी इथे त्या देवनागरीत दिल्या आहेत.

पहिली पायरी: ‘अडली’ म्हणजे नेमके काय झाले?

‘मेल आली नाही’ या एका तक्रारीमागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चारही गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली शक्यता ही की समोरच्या सर्व्हरने मेल दारातच नाकारली. अशा वेळी नकाराची सूचना, म्हणजे बाउन्स, परत येतो. दुसरी शक्यता ही की सर्व्हरने मेल स्वीकारली पण स्पॅम फोल्डरमध्ये टाकली. इथे पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. तिसरी शक्यता ही की मेल ग्रुपच्या बाहेर पडलीच नाही आणि मंजुरीच्या रांगेत पडून राहिली. गूगल ग्रुप्ससारख्या सेवा संशयास्पद वाटलेल्या मेल स्वतःहून ‘पेंडिंग’ विभागात अडकवतात आणि व्यवस्थापकाने तिकडे महिनोन्‌महिने पाहिलेले नसते. चौथी शक्यता अशी की मेल पोहोचलेली असते, फक्त दिसत नाही. जीमेल वापरणाऱ्याने ग्रुपला लिहिलेली मेल ग्रुपमार्गे त्याच्याकडेच परत आली, तर जीमेल ती दुसरी प्रत इनबॉक्समध्ये दाखवत नाही. मेल ‘सेंट’मध्ये आणि ‘ऑल मेल’मध्ये असते. ‘माझी मेल ग्रुपवर जातच नाही’ ही तक्रार करणारा सभासद जीमेलवर असेल, तर इतर काहीही तपासण्याआधी ती मेल दुसऱ्या कोणाला मिळाली का, एवढे विचारावे.

तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: कधीपासून, कोणाच्या मेल, आणि तुमचा पत्ता कोणत्या सेवेचा? यातला मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो. मिळालेली उत्तरे एका साध्या तक्त्यात उतरवावीत. एका रकान्यात लिहिणाऱ्याचे डोमेन, दुसऱ्यात मिळवणाऱ्याचे डोमेन, तिसऱ्यात तारीख आणि चौथ्यात काय झाले ते. दहा-बारा ओळी झाल्या की आकृती दिसू लागते. एकाच माणसाच्या मेल अनेकांकडे अडत असतील, तर दोष त्याच्या डोमेनचे धोरण आणि तुमची लिस्ट यांच्या जोडीत आहे. सर्वांच्या मेल एकाच सेवेकडे अडत असतील, तर त्या सेवेचा तुमच्या सर्व्हरवरचा विश्वास उडाला आहे. सर्वांच्या मेल एकाच सभासदाकडे अडत असतील, तर त्याच्या खात्यातील फिल्टर किंवा त्याने लावलेले फॉरवर्डिंग पाहावे. आणि सर्वांच्या मेल सर्वत्र एकाच दिवसापासून अडू लागल्या असतील, तर त्या दिवशी डीएनएसमध्ये किंवा सर्व्हरवर कोणी हात घातला होता, याची चौकशी करावी.

दुसरी पायरी: परत आलेली मेल शेवटपर्यंत वाचावी

ग्रुपवरून गेलेल्या मेलचा बाउन्स मूळ लेखकाकडे जात नाही. तो लिस्टच्या बाउन्स-पत्त्यावर येतो आणि अनेक ठिकाणी प्रोग्रामच तो गिळून टाकतो. म्हणून लिस्टच्या सेटिंगमध्ये जाऊन बाउन्सची प्रत व्यवस्थापकाला मिळेल अशी सोय आधी करून घ्यावी. सर्व्हर स्वतःचा असेल, तर त्याच्या मेल लॉगमध्येही हेच सारे नोंदलेले असते.

बाउन्समध्ये तीन आकडी क्रमांक असतो आणि त्याचा पहिला आकडा सर्वांत बोलका असतो. ४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याच्या पद्धतीचे, मानक सांगते की हे प्रयत्न किमान ४-५ दिवस चालू ठेवावेत. ५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे कायमचा नकार. त्यापुढे टिंबांनी तोडलेला दुसरा क्रमांक येतो आणि खरे कारण त्यात असते. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे. या दोन्हींचा स्पॅमशी संबंध नाही. ५.७ ने सुरू होणारे सर्व क्रमांक मात्र धोरणाचे आणि सुरक्षेचे असतात, आणि आपले काम तिथे सुरू होते. जीमेल ५.७.२६ देते तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटलेली नसते, ५.७.२५ देते तेव्हा पाठवणाऱ्या आयपी पत्त्याची उलट नोंद (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी डीएनएसमधील नोंद) नसते किंवा ती जुळत नसते, आणि ५.७.१ सोबत ‘नको असलेली मेल वाटते’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तर मामला पाठवणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा, म्हणजे त्याची पत किती याचा, असतो. ४२१ सोबत ४.७.२८ आले, तर पाठवण्याचा वेग अचानक वाढल्याची ती तक्रार आहे. आउटलुक, हॉटमेल या सेवांकडून ५.७.५१५ आले, तर मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठीच्या ओळखीच्या अटी पूर्ण होत नाहीत, असा त्याचा अर्थ आहे.

क्रमांकापुढचे इंग्रजी वाक्य आणि त्यातला दुवा न वाचताच लोक बाउन्स पुसून टाकतात, याचे मला फार वाईट वाटते. कारण पुष्कळदा कारण आणि उपाय दोन्ही त्याच ओळीत लिहिलेले असतात.

तिसरी पायरी: हेडर उघडावे

मेल स्पॅम फोल्डरमध्ये गेली असेल, तर बाउन्स नसतो आणि पुरावा फक्त हेडरमध्ये मिळतो. ज्याच्याकडे ती गेली, त्या सभासदाला जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ किंवा आउटलुकच्या वेब आवृत्तीत ‘व्ह्यू मेसेज सोर्स’ उघडायला सांगावे आणि तिथला सर्व मजकूर फाइल म्हणून मागून घ्यावा. नुसती फॉरवर्ड केलेली मेल इथे उपयोगाची नाही, कारण फॉरवर्ड करताना मूळ हेडर गळून पडते.

त्यात तीन ओळी शोधायच्या. ‘फ्रॉम’ म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारा लेखक. ‘रिटर्न-पाथ’ म्हणजे पाकिटावरचा पाठवणारा. लिस्टच्या मेलमध्ये इथे लिस्टचा बाउन्स-पत्ता असतो. आणि ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ म्हणजे समोरच्या सर्व्हरने केलेल्या तपासणीचा निकाल. एखाद्या अडलेल्या मेलमध्ये हा निकाल साधारण असा दिसतो: एसपीएफ पास, पण लिस्टच्या डोमेनसाठी, डीकेआयएम फेल, आणि पुढे कंसात मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला नाही अशी टीप, डीमार्क फेल, आणि पुढे ‘पी’ बरोबर ‘रिजेक्ट’. एवढ्या एका ओळीत सगळी कहाणी सांगून झालेली असते. ती कशी, ते आता पाहू, कारण ग्रुपच्या मेलचे मूळ दुखणे हेच आहे.

मूळ दुखणे: दुसऱ्याच्या नावाने पाठवलेली, हाताळलेली मेल

मेलची ओळख तीन यंत्रणा पटवतात. एसपीएफ ही डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये लावलेली यादी आहे: माझ्या डोमेनच्या वतीने अमुक सर्व्हरच मेल पाठवू शकतात. ती पाकिटावरचा पत्ता पाहते, आतल्या पत्रावरचा नाही. डीकेआयएम ही पत्रावरची डिजिटल सही आहे. ती मजकूर आणि ठरावीक हेडर यांवर केलेली असते, त्यामुळे पत्र वाटेत किती हातांतून गेले याला महत्त्व नसते, पण पत्रात एक अक्षर जरी बदलले तरी सही खोटी ठरते. डीमार्क या दोहोंच्या वर बसते आणि विचारते की एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक तपासणी पास झाली आहे का, आणि पास झालेले डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळते का? न जुळल्यास काय करावे, हे डोमेनचा मालक ठरवतो. ‘नन’ म्हणजे काही करू नका, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे परत पाठवा.

आता ग्रुपचे पाहा. सभासद आपल्या पत्त्यावरून लिहितो. लिस्ट ती मेल घेते, विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसात ग्रुपचे नाव लावते, तळाला ‘सदस्यत्व रद्द करण्यासाठी’ अशा दोन ओळी जोडते आणि स्वतःच्या सर्व्हरवरून शेकडो लोकांना पाठवते. पाकिटावर लिस्टचा पत्ता आहे, म्हणून एसपीएफ पास होते, पण ते लिस्टच्या डोमेनसाठी. ‘फ्रॉम’मध्ये मात्र सभासदाचे डोमेन आहे, म्हणजे जुळत नाही. विषय आणि मजकूर बदलला, म्हणून सभासदाच्या डोमेनची डीकेआयएम सही मोडली. दोन्ही आधार गेले आणि डीमार्क फेल झाले. समोरच्या सर्व्हरच्या दृष्टीने हे पत्र म्हणजे कोणीतरी त्या सभासदाच्या नावाने फिरवलेले बनावट पत्र आहे, आणि सर्व्हर आपल्याला सांगितलेलेच काम करतो.

हे जगभर एकदम उघड झाले ते एप्रिल २०१४ मध्ये. याहूने आपल्या डोमेनचे धोरण ‘रिजेक्ट’ केले, त्याच महिन्यात एओएलने तेच केले, आणि तोवर बिनबोभाट चालणाऱ्या असंख्य लिस्ट काही दिवसांत कोलमडल्या. याहूच्या पत्त्यावरून एक मेल ग्रुपवर आली की जीमेल आणि इतर मोठ्या सेवा तिला नकार देत. इथे आणखी एक अन्याय होतो. मेलमन हा लिस्ट चालवणारा बहुप्रचलित प्रोग्राम आहे. तो प्रत्येक सभासदाच्या नावावर बाउन्सचे गुण लिहितो, एका दिवसाला जास्तीत जास्त एक, आणि मूळ सेटिंगप्रमाणे ५ गुण झाले की त्या सभासदाच्या मेल थांबवतो. म्हणजे लिहिणारा एक, त्याच्या डोमेनचे धोरण कडक, आणि यादीतून बाहेर पडतात ते ज्यांनी काहीच केलेले नाही असे वाचक. जीमेलचे दहा-वीस सभासद एकाच वेळी ‘बाउन्समुळे थांबवलेले’ दिसले, तर पत्ते बंद पडलेले नाहीत. तुमच्या लिस्टची डीमार्कची व्यवस्था राहिली आहे.

चौथी पायरी: लिस्ट दुरुस्त करावी

यावर दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक म्हणजे मेलला अजिबात हात न लावणे: विषयात ग्रुपचे नाव नाही, तळाला टीप नाही, जोडलेल्या फायली काढणे नाही, एचटीएमएलचे साध्या मजकुरात रूपांतर नाही. असे केले की मूळ सही टिकते आणि डीमार्क पास होते. लेखकाचे नाव-पत्ता जसाच्या तसा राहतो, हा या मार्गाचा मोठा गुण आहे. पण ज्याच्या डोमेनवर डीकेआयएम सहीच नाही, त्याला याचा उपयोग नाही, आणि कोणी पुढे कधी उत्साहाने तळटीप चालू केली की सगळे पुन्हा मोडते.

दुसरा मार्ग म्हणजे ‘फ्रॉम’मध्ये लेखकाच्या पत्त्याऐवजी लिस्टचा पत्ता घालणे आणि लेखकाचे नाव ‘अमुक, तमुक ग्रुपमार्गे’ असे दाखवणे. मग पत्र लिस्टच्या नावाने जाते, लिस्टच्या डोमेनची सही त्यावर बसते आणि तिन्ही तपासण्या जुळतात. मेलमन २ च्या नंतरच्या आवृत्त्यांत ही सोय आहे. तिथे तिला ‘मंज फ्रॉम’ म्हणतात. मेलमन ३ मध्ये लिस्टच्या सेटिंगमध्ये ‘डीमार्क मिटिगेशन्स’ नावाचा विभागच आहे. त्यात हा बदल फक्त कडक धोरणाच्या डोमेनसाठी करावा की सर्वांसाठी, हे निवडता येते. गूगल ग्रुप्स कडक धोरणाच्या डोमेनसाठी हे स्वतःहून करते. माझा सल्ला दुसऱ्या मार्गाचा आहे, आणि ग्रुप मोठा असेल तर बदल सर्वांसाठी सरसकट करावा, कारण काही मेल एका रूपात आणि काही दुसऱ्या रूपात आल्या की सभासदांचे फिल्टर आणि सवयी दोन्ही बिघडतात.

हा बदल करताना ‘रिप्लाय-टू’ न विसरता तपासावे. ‘फ्रॉम’मध्ये लिस्टचा पत्ता आल्यावर लेखकाला खासगी उत्तर द्यायला गेलेला माणूस नकळत सगळ्या ग्रुपला उत्तर देऊ शकतो, आणि त्यातून होणारी मने दुखावण्याची घटना कोणत्याही स्पॅम फोल्डरपेक्षा वाईट असते. लेखकाचा मूळ पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये किंवा ‘सीसी’मध्ये येतो आहे, याची एक चाचणी मेल पाठवून खात्री करावी.

एआरसी नावाची तिसरी व्यवस्था २०१९ मध्ये आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) मालिकेत ८६१७ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. लिस्टने मेल हाताळण्यापूर्वी तिची ओळख पटलेली होती, असे लिस्टच्या सर्व्हरने सही करून सांगायचे, अशी ती कल्पना आहे. ती चालू ठेवावी, पण तिच्यावर विसंबू नये, कारण त्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे समोरचा सर्व्हर ठरवतो.

सर्व्हरवर एक पत्ता बनवून त्यापुढे पन्नास पत्त्यांची फॉरवर्ड यादी लावणे, म्हणजे नुसता ‘अलायस’, याला ग्रुप समजू नये. तिथे पाकिटावरचा पाठवणारा मूळ लेखकच राहतो, त्यामुळे एसपीएफ मोडते आणि बाउन्स बिचाऱ्या लेखकाकडे जातात. वैयक्तिक खात्यावरून ‘बीसीसी’ने ग्रुप चालवणेही असेच मर्यादित आहे, जीमेलच्या वैयक्तिक खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की खात्यावरून पाठवणेच काही काळ बंद होते.

पाचवी पायरी: आपल्या डोमेनच्या नोंदी

लिस्टच्या नावाने मेल जाऊ लागली की लिस्टच्या डोमेनची कागदपत्रे चोख असावी लागतात. एसपीएफची नोंद डोमेनला एकच असावी. दोन नोंदी असल्या की तपासणी चूक ठरवते आणि दोन्ही निकामी होतात. नवी सेवा घेताना जुन्या ओळीत भर घालण्याऐवजी दुसरी ओळ लावणे, ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. दुसरी मर्यादा १० डीएनएस चौकशांची आहे. ‘इन्क्लूड’ करून जोडलेल्या प्रत्येक सेवेच्या आत आणखी ‘इन्क्लूड’ असतात आणि सगळे मिळून दहाच्या वर गेले की एसपीएफ कायमच्या चुकीत जाते. जी सेवा बंद केली, तिचे नाव ओळीतून काढावे.

डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटांची घ्यावी. ती लांब असते आणि डीएनएसमधील मजकुराचा एक तुकडा २५५ अक्षरांहून मोठा चालत नाही, म्हणून ती दोन तुकड्यांत बसवावी लागते. चिकटवताना मध्ये जागा पडली किंवा शेवट कापला गेला की सही कधीच जुळत नाही. डीमार्कची नोंद आधी ‘नन’वर ठेवून अहवालांसाठी पत्ता द्यावा, दोन-चार आठवडे अहवाल वाचावेत, आपल्या नावाने कोणकोणते सर्व्हर पाठवतात ते पाहावे आणि मगच धोरण कडक करावे. संस्थेच्या मुख्य डोमेनवर घाईने ‘रिजेक्ट’ लावले, तर तुमची माणसे बाहेरच्या ज्या ग्रुपमध्ये लिहितात, तिथे त्यांच्या मेल अडू लागतील. म्हणजे जो त्रास तुम्ही सोसला, तो दुसऱ्या व्यवस्थापकाकडे सरकेल. लिस्टसाठी वेगळे उपडोमेन ठेवणे यासाठीच शहाणपणाचे आहे.

स्वतःचा सर्व्हर असेल, तर त्याच्या आयपी पत्त्याची उलट नोंद सर्व्हरच्या नावाकडे आणि त्या नावाची सुलट नोंद त्याच आयपीकडे जायला हवी. ही उलट नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडत नाही. आयपी ज्याच्याकडून घेतला, त्याच्याकडे ती मागावी लागते.

सहावी पायरी: मोठ्या सेवांच्या अटी आणि आपली पत

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही बंधनकारक केली. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या ग्राहक सेवांसाठी तशाच अटी आणल्या. जीमेलच्या हिशेबात २४ तासांत वैयक्तिक जीमेल खात्यांना सुमारे ५,००० मेल पाठवणारे डोमेन ‘मोठे’ ठरते. हा आकडा व्यापारी जाहिरातदारांचा वाटतो, पण गणित करून पाहा: २५० सभासद जीमेलवर असलेल्या ग्रुपमध्ये एका दिवशी २० उत्तरांची चर्चा रंगली की ५,००० प्रती झाल्या. आणि एकदा हा उंबरठा ओलांडला की तो दर्जा कायम राहतो.

या अटींमध्ये तक्रारींचे प्रमाणही आहे. ‘स्पॅम’ बटण दाबणाऱ्यांचा दर ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ नये आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या खाली राहावा. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेनची नोंद केली की पुरेशा मेल जात असल्यास हा दर पाहता येतो, पण कोणी बटण दाबले ते कळत नाही. याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे मात्र तक्रारींची प्रत मागवण्याची सोय आहे. तिच्यासाठी नोंदणी जरूर करावी आणि तक्रार आलेला पत्ता यादीतून लगेच काढावा.

चर्चा-ग्रुपमधला सभासद आपल्याच ग्रुपला स्पॅम का म्हणतो? बहुतेकदा त्याला बाहेर पडायचे असते आणि दार सापडत नाही. म्हणून ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ हे हेडर आणि आरएफसी ८०५८ मधली एका क्लिकची सोय चालू करावी. ही दोन्ही हेडरे डीकेआयएम सहीच्या कक्षेत असली पाहिजेत, नाहीतर मेल सेवा सदस्यत्व रद्द करण्याचे बटण दाखवत नाही. सभासद कमी होतील या भीतीने बाहेरचे दार लपवणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. ज्याला जायचे आहे त्याला अडवून ठेवल्याने उरलेल्या सर्वांच्या मेल धोक्यात येतात.

सातवी पायरी: ब्लॉक लिस्ट आणि यादीची स्वच्छता

बाउन्समध्ये एखाद्या ब्लॉक लिस्टचे (मेल घेऊ नये अशा पत्त्यांच्या यादीचे) नाव असेल, तर तिच्या संकेतस्थळावर आपला आयपी पत्ता घालून पाहावा. १९९८ पासून काम करणारी स्पॅमहाउस ही त्यांतली सर्वांत जास्त वापरली जाणारी यादी आहे, आणि तिच्यातही पोटभेद आहेत. तिच्या पीबीएल या यादीत असणे म्हणजे स्पॅमचा आरोप नव्हे. घरगुती जोडण्यांसारख्या, थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांची ती यादी आहे. एक्सबीएलमध्ये असणे मात्र यंत्रात शिरकाव झाल्याची खूण असते. कारण दूर केल्याशिवाय नाव काढण्याचा अर्ज करू नये. पुन्हा नाव लागले की पुढची सुटका अवघड होते. स्पॅमहाउस नाव काढण्याचे पैसे घेत नाही, त्यामुळे पैसे मागणारा मध्यस्थ आला, तर त्याला दूर ठेवावे.

कधीकधी मात्र दोष समोरच्या सर्व्हरचा असतो. स्पॅमहाउसकडे सार्वजनिक डीएनएसमार्फत चौकशी केली की १२७.२५५.२५५.२५४ असे, चौकशीतच चूक असल्याचे सांगणारे उत्तर येते. काही सर्व्हर तेही ‘यादीत आहे’ असेच वाचतात आणि सगळ्या जगाच्या मेल नाकारू लागतात. तुमचा पत्ता यादीत नसताना तिचे नाव सांगून नकार येत असेल, तर समोरच्या प्रशासकाला ही गोष्ट नम्रपणे कळवावी.

यादी स्वच्छ ठेवण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. ५.१.१ देणारे मृत पत्ते काढावेत, कारण सोडून दिलेले जुने पत्ते पुढे स्पॅम पकडण्याचे सापळे म्हणून वापरले जातात. नव्या सभासदाकडून मेलवर होकार घेतल्याशिवाय त्याचे नाव घालू नये. सदस्यत्वाचा फॉर्म सर्वांसाठी उघडा असेल, तर त्यावर कॅप्चा लावावा. यंत्रे अशा फॉर्ममध्ये तिऱ्हाइतांचे पत्ते भरत सुटतात आणि होकार मागणाऱ्या तुमच्या मेललाच ते लोक स्पॅम म्हणतात. सभासद नसलेल्यांच्या मेल थेट ग्रुपवर जाऊ देऊ नयेत, नाहीतर बाहेरून आलेला स्पॅम तुमच्या डोमेनची सही लावून शेकडो पेट्यांत जातो.

आठवी पायरी: आता मजकूर

मजकुरापाशी थोडक्यात थांबू. लहान केलेले दुवे टाळावेत. ईएक्सई आणि जेएस यांसारख्या फायली जीमेल झिपमध्ये घातल्या तरी अडवते. मोठी फाइल जोडण्याऐवजी तिचा दुवा द्यावा. पण एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही: एखादा सभासद काळजीने ‘ही मेल फसवणुकीची आहे का?’ असे विचारत ती संपूर्ण मेल ग्रुपवर पुढे पाठवतो, आणि त्यातला फसवा दुवा तुमच्या लिस्टच्या नावावर जमा होतो. मग त्याखाली उत्तरे देणाऱ्यांच्या मेलमध्येही तोच दुवा उद्धृत होत राहतो. असे विचारायचे असल्यास चित्र पाठवावे किंवा दुवा मोडून लिहावा, असा नियम ग्रुपमध्ये करावा.

सभासदांकडून काय करून घ्यावे

ज्यांच्याकडे मेल स्पॅममध्ये गेली, त्यांनी ती तिथून ‘स्पॅम नाही’ म्हणून बाहेर काढावी. एकट्या संपर्क यादीत पत्ता घालण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते. जीमेलमध्ये शोधाच्या चौकटीत ‘लिस्ट’ आणि अपूर्णविरामानंतर (:) ग्रुपचा पत्ता लिहून त्यावरून फिल्टर बनवावा आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ निवडावे. कार्यालयीन पत्ते असलेल्या सभासदांना आपल्या आयटी विभागाला विनंती करावी लागते. त्या विनंतीसोबत अडलेल्या मेलचे पूर्ण हेडर, लिस्टचे डोमेन आणि पाठवणारा आयपी द्यावा. नुसत्या डोमेनच्या नावाला मुभा मागू नये, कारण ते नाव कोणीही पुढे करू शकतो. डीकेआयएम पास झालेली असेल तरच मुभा, अशी अट सुचवावी.

चाचणी आणि नंतरची कामे

एका दिवशी एकच बदल करावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा. डीएनएसच्या नोंदीला तिच्या ठरलेल्या मुदतीएवढा वेळ पसरायला लागतो, तोवर निष्कर्ष काढू नये. वेगवेगळ्या तीन-चार सेवांवर चाचणीची खाती उघडून ती ग्रुपमध्ये घालावीत, त्यातले एक ‘रिजेक्ट’ धोरणाच्या डोमेनचे असावे. मग त्या खात्यावरून ग्रुपवर लिहावे, दुसऱ्यावरून उत्तर द्यावे आणि प्रत्येक पेटीत ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ वाचावे. डीमार्क सर्वत्र पास दिसत असूनही एखादी सेवा मेल स्पॅममध्ये टाकत असेल, तर आता प्रश्न विश्वासार्हतेचा उरला आहे, आणि तिथे तक्रारी खाली आणून वेग सावकाश ठेवत काही आठवडे वाट पाहावी लागते.

डीमार्क जुळल्यावर दोन कामे त्याच दिवशी करावीत. बाउन्समुळे थांबवलेल्या सभासदांच्या मेल पुन्हा चालू कराव्यात आणि त्यांचे गुण शून्य करावेत, कारण काही प्रोग्राम ठरावीक सूचनांनंतर त्यांची नावे कायमची काढून टाकतात. आणि ज्या मेल ५ च्या क्रमांकाने नाकारल्या गेल्या, त्या आता आपोआप पोहोचणार नाहीत. त्या आर्काइव्हमधून काढून, लेखकांची नावे आणि तारखा जशाच्या तशा ठेवून, एका संकलनाच्या रूपात सर्वांना पुन्हा पाठवाव्यात.